थोरलीची प्लेट

१

"आवाज दे!"

लहानपणी कधीतरी ही हाक तपासनीसबाईंच्या कानात राहायला आली आणि मग तिनं मुक्काम हलवलाच नाही. परकर नेसलेली ती चिमुरडी यार्डातल्या एका जुन्या टायरवर बसलेली असायची. समोर लोखंडी चौकटीत आडवी निजलेली टाकी. टाकीच्या माथ्यावरल्या गोल तोंडाशी आत्या पाय सोडून बसलेली, मनगटाला दोरीचा वेढा. दोरीचं दुसरं टोक खाली, अंधारात. त्या टोकाला वडील. ते आतून टाकी घासत आणि आत्या वरून गात असे.

*लोखंडाचे पोटी, अंधार दाटला,*
*गडी आत गेला, आवाज दे!*

खोल विहिरीतून यावं तसं उत्तर वर येई, "आहे गं, आहे!" मग आत्या पुढचं कडवं घेई.

*घासता पुसता, काळोख उजळे,*
*माणूस ना ढळे, आवाज दे!*

उत्तर येत राहील तोवर गाणं चालायचं. उत्तर चुकलं की गाणं तिथंच तोडायचं आणि दोरी ओढायची. विषारी वाफेनं माणूस आत कधी गुंगून पडेल त्याचा नेम नसतो. म्हणून वर बसणाऱ्याचे कान म्हणजे आत उतरणाऱ्याचा श्वास, असं त्या यार्डात मानलं जाई. ही कडवी आत्यानंच जुळवली होती. वडील गेले ते पुढं म्हातारपणी, घरच्या अंथरुणावर, शांतपणे. टाकीनं त्यांचं काही वाकडं केलं नाही.

आज त्याच यार्डाच्या फाटकातून आत शिरताना बाईंना ती हाक पुन्हा ऐकू आली. पण आजचं निमित्त साधं नव्हतं. पंधरवड्यामागं त्यांनी स्वतः तपासून पास केलेल्या एका टाकीची प्लेट रातोरात नाहीशी झाली होती.

"बाई, तुम्ही आलात, जीव भांड्यात पडला," मालक चष्मा पुसत पुढं आले. घाबरले की चष्मा पुसायची त्यांना सवय होती, आणि आज काचा नुसत्या लखलखत होत्या. "आपल्या थोरलीला कुणीतरी बिननावाची केली हो!"

२

थोरली म्हणजे यार्डातली सगळ्यांत जुनी टाकी. तिच्या घडणीच्या टाक्या नव्यानं बनवायला केव्हाच बंदी आली होती. मात्र बंदीच्या आधी जन्मलेल्यांना एक मुभा होती. ठरल्या मुदतीत आतून-बाहेरून तपासणी करून घ्यायची, पाणी भरून दाब सोसून दाखवायचा आणि पास झाल्याची तारीख टाकीवरच्या धातूच्या प्लेटवर ठोकून घ्यायची. तेवढं केलं की म्हातारीनं आणखी काही वर्षं ॲसिड वाहायला हरकत नव्हती. सगळी मुभा त्या वीतभर प्लेटवर टांगलेली. टाकी कधी जन्मली, कुठं घडली, कधी तपासली, सारं तिच्यावरच कोरलेलं. प्लेट गेली की टाकी नुसतं लोखंड.

"आज दुपारी तिच्यात ॲसिड भरायचंय," मालक म्हणाले. "कारखाना खोळंबलाय. नियम तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक. प्लेट हरवली तर तपासनीसानं लिहून द्यायचं की हीच ती टाकी, मग दुसरी प्लेट ठोकता येते. तुम्हीच पास केलीत, तुम्हीच ओळखता. द्या ना एक सही, बाई. लेकराची ओळख आईनं पटवायची, दुसरं कोण पटवणार?"

"आधी लेकरू बघू द्या," बाई म्हणाल्या.

सही सोपी होती आणि सहीच अवघड होती. भरलेली टाकी हमरस्त्यानं जाणार, गावांमधून, शाळांसमोरून. पुढं केबिनमध्ये एक जिवंत माणूस, मागं ॲसिड. 'हीच ती' हे दोन शब्द चुकले, तर ते कुणाच्या अंगावर सांडतील हे सांगायला ज्योतिषी नको होता.

थोरली नव्या रंगात उभी होती. टर्पेंटाइनचा वास अजून उडाला नव्हता. "चाचणी झाली म्हणून रंग दिला. म्हातारीला नवं लुगडं," मालकांनी सांगितलं.

बाई वाकल्या. प्लेटच्या जागी चार भोकं होती, भोवती छिन्नीचे ओरखडे. कुणीतरी प्लेट जखडणाऱ्या रिव्हेटांची डोकी छाटून ती उपटली होती. काम धसमुसळं होतं, घाव वेडेवाकडे, दोन-तीन तर भलतीकडंच बसलेले. भोकांत रिव्हेटांचे दांडे अडकून राहिले होते. बाईंनी एक दांडा नखानं खरवडला.

तो चांदीसारखा चमकला.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. चाचणीच्या दिवशी तारीख ठोकताना त्यांचा अंगठा थोरलीच्या रिव्हेटांवरच टेकला होता. ते काळेभोर होते, टाकीइतकेच म्हातारे.

मग ही तरणी पोरं इथं कुठून आली?

३

ड्रायव्हरला सगळे 'उंट' म्हणत. अंगानं लांब, चालीनं डुलता, आणि एकदा बसला की उठवणं मुश्कील. गाडी जोडण्याआधी प्लेटवरची तारीख बोट लावून वाचायची, हा त्याचा शिरस्ता. सकाळी बोट लावायला गेला तर खाली नुसती भोकं.

"तुला जुन्या टाक्या आवडत नाहीत म्हणे," बाईंनी विचारलं.

"आवडायला काय, लग्न करायचंय का तिच्याशी?" उंट म्हणाला. "हो, नाही आवडत. जुनी आहे, कुरकुरते. पण मला नको असती तर मी सरळ नाही म्हटलं असतं, बाई. मालकांच्या तोंडावर म्हटलं असतं. प्लेट कशाला चोरू? आणि पहाटे ठणठण चालली होती तेव्हा मी वहिनींकडं चहा पीत होतो. विचारा."

"ठणठण?"

"अहो, केवढी! देवळाची घंटा बरी."

फाटकाशी टपरी चालवणाऱ्या वहिनींनी मान डोलावली. "उजाडत होतं तेव्हा. आतून ठण, ठण, ठण. मी म्हटलं, आज कामाला लौकर लागले वाटतं. चोर असा असतो का, ताई? चोरानं कसं, छिन्नीखाली चिंधी धरावी, दम खात मारावं, कानोसा घ्यावा. हा तर लग्नाचा बँड वाजवल्यासारखा! मी तर म्हणते मालकच असणार. दुसऱ्या कुणाची छाती आहे?"

"मालक तेव्हा आले होते?"

"छे! त्यांची गाडी उन्हं वर आल्यावर येते." वहिनी स्वतःच्याच तर्काला हसल्या, मग हात पुसत म्हणाल्या, "आणि हो, ठिणगी होता इथं. त्यानं ती ठणठण ऐकली मात्र, अर्धा चहा तसाच ठेवला आणि आत पळाला. परत आला तेव्हा तोंड असं, जणू भूत बघितलं."

बाई टपरीच्या बाकावर बसून राहिल्या. डोक्यात सुताचा गुंता व्हावा तसं झालं होतं. एक टोक ओढावं तर दुसरं आवळत होतं. मालक यार्डात नव्हते. उंट आणि ठिणगी टपरीवर. चोर आवाजाला भीत नाही. रिव्हेट नवे. ज्याला प्लेट नको, त्यानं ती नव्या रिव्हेटांनी कशाला बसवावी? ज्याला हवी, त्यानं छिन्नीनं कशाला उपटावी? एकाच माणसानं आधी पोराला न्हाऊमाखू घालावं आणि लगेच घराबाहेर ढकलावं, असला हा प्रकार.

"ताई, चहा निवला," वहिनी म्हणाल्या. "दुसरा देऊ?"

४

ठिणगी म्हणजे यार्डाचा वेल्डर. पोरका पोर म्हणून यार्डात आला, आत्यानं त्याला जेवू घातलं, दटावलं, कामाला लावलं. आता त्याच्या हातची जोडणी बघून भले भले माना डोलावत. तो बोलायचा कमी, पण हसताना सगळे दात दाखवायचा. आज ओठ शिवल्यासारखे होते.

"प्लेट तू काढलीस?"

"नाही."

"कुणी काढली?"

"मी नाही काढली, ताई. आत्याची शपथ."

"बरं." बाईंनी जरा थांबून विचारलं, "लावली होतीस का?"

ठिणगीच्या हातातला पाना खाली पडला. तो उचलायला वाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेलाच राहिला. "कामं पडलीत, ताई," एवढंच म्हणून तो शेडमध्ये गेला.

बाईंनी त्याला अडवलं नाही. त्यांची नजर दुसरीकडंच अडकली होती. शेडमागं धुण्याच्या पाण्यासाठी एक नवी काळी प्लॅस्टिकची टाकी उभी होती. मागल्या खेपेला तिथं 'धाकटी' होती. थोरलीची जुळी बहीण, एकाच साली, एकाच भट्टीतली. धाकटीचा पत्रा आतून झिजला म्हणून बाईंच्याच कार्यालयानं तिची प्लेट कधीच काढून नेली होती, आणि तेव्हापासून ती यार्डात पाणी साठवत म्हातारपण काढत होती.

"धाकटी कुठं गेली?" त्यांनी मालकांना विचारलं.

"ती? गळायला लागली म्हणून ठिणगीनंच भंगारात लावली. ही प्लॅस्टिकची आणली. तिकडं मागं आहे ताडपत्रीखाली."

"तुम्ही पाहिलीत?"

मालकांनी चष्मा काढला. "भंगार काय पाहायचं, बाई?"

भंगाराच्या ढिगामागं ताडपत्री होती. पण टाकीवर ती ताणून बसायला हवी, तशी बसली नव्हती. मधोमध खोल पडली होती, एखाद्या हत्तीनं टेकून उठावं तशी. बाईंनी दोरी सोडली आणि ताडपत्री ओढली.

खाली टाकी होती, पण टाकीसारखी दिसत नव्हती. कुणी मुठीत धरून चुरगळावी तशी पोटाशी आत चेपली होती. बाहेरून मार बसल्याची एक खूण नव्हती. प्लेटच्या जागी चार भोकं, नीट ड्रिलनं काढलेली, आणि भोकाच्या कडेला चिकटून राहिलेला एक काळाभोर, म्हातारा रिव्हेट.

बाईंच्या हातातून ताडपत्री निसटली. ही धाकटी नव्हतीच.

५

काय झालं असेल ते त्यांना कळलं, आणि तरी कळलं नाही. अशी चेपलेली टाकी त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती, शिकत असताना. टाकी वाफेनं धुतली की आत नुसती वाफ भरलेली असते. ती निवेपर्यंत तोंड उघडं ठेवायचं. घाईनं झाकण लावलं तर आतल्या वाफेचं पाणी होतं, आत पोकळी पडते आणि बाहेरची हवा चारी बाजूंनी टाकीला चिरडते. एरवी हवा आत घेणारा वॉल्व्ह तिला वाचवतो. पण पाण्याच्या चाचणीसाठी तो काढून तिथं बूच मारलेलं असणार आणि नंतर धुतानाही ते तसंच राहिलेलं असणार.

म्हणजे थोरली मेली झाकणाच्या घाईनं. पण इथं वाफेचं काम एकच माणूस करत होतं, आणि त्या माणसाइतकं धीमं, जपून काम करणारं दुसरं कुणी बाईंना ठाऊक नव्हतं.

आत्या येण्याजाण्याच्या वाटेवरच एका पालथ्या डब्यावर दोरीची वेटोळी घालत बसली होती. आता ती सगळ्या यार्डाची आत्या होती. मालकसुद्धा तिला आत्याच म्हणत. बाई समोर आल्या तशी तिचं तोंड फुललं.

"आलीस पोरी! वाळलीस किती! ऑफिसात काय वारा खाऊन राहता का तुम्ही? बस. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं तेल चोळ, नुसतं कण्हून काय होतंय." ती बोलतच सुटली. पूर्वी आत्या ऐकणारी होती. हल्ली तिच्या बोलण्यात शिरायला फट सापडत नव्हती.

"आत्या, थोरली वाफेनं कुणी धुतली?"

आत्या बाईंच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. मग दोरी पुन्हा वेटाळू लागली. "मीच. दुसरं कोण धुणार?"

"झाकण कुणी लावलं?"

आत्याच्या मागून फोर्कलिफ्ट आली, भोंगा वाजवत. बाई दचकून बाजूला सरल्या. आत्या जागची हलली नाही. चालकानं जोरात ब्रेक मारला आणि ओरडला, "काय आत्या, रस्ता तुमच्या सासऱ्याचा का?" तेव्हा कुठं बाईंच्या नजरेचा माग धरून आत्यानं मागं पाहिलं आणि हसून हात हलवला. हट्टी ती पहिल्यापासूनच होती, बाईंच्या मनात आलं.

"झाकणाचं विचारलं मी," त्या पुन्हा म्हणाल्या.

"तुला आत उतरायचंय ना?" आत्या उठली. "सही करायच्या आधी आतून बघणार तू. माझ्या भावाची लेक तू, बाहेरून बघून सही करायची नाहीस. चल. पण एक सांगते, नुसता आवाज देऊन भागायचं नाही. दोरीला हिसकाही द्यायचा. माझा नवा नियम आहे."

"हिसक्यांचा नियम!" जवळून जाणारा उंट हसला. "आत्या आता माणसं नाही, मासे धरते."

आत्यानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

६

रंगवलेल्या टाकीत आदल्या दिवसापासून हवा फिरवली होती. बाईंनी गॅसचा मीटर दोरीनं आत सोडून पाहिला, आकडा ठीक होता. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, डोक्यावर दिवा. त्या शिडीनं उतरल्या, आणि वरून, कितीतरी वर्षांपूर्वीच्या त्याच सुरात, कडवं आलं.

*लोखंडाचे पोटी, अंधार दाटला,*
*गडी आत गेला, आवाज दे!*

"आहे गं, आहे!" बाईंनी हाक दिली, दोरीला हिसका दिला. वडील इथंच, अशाच अंधारात वाकलेले असत.

त्यांनी पत्र्यावर तळहात फिरवला. चाचणीच्या दिवशी थोरलीच्या तोंडाखाली त्यांच्या बोटांना वेल्डिंगचा एक जुना, जाड वण लागला होता. इथं तो नव्हता. इथं पत्रा गुळगुळीत होता, आणि पुढं सरकावं तसे बोटांखाली खळगे येऊ लागले, देवी आलेल्या चेहऱ्यासारखे. एका जागी त्यांनी हातोडीनं हळूच टकटक केली. घुमारा उठला नाही, फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला. कडेनं पाण्याच्या जुन्या रेघा होत्या, एकीवर एक.

ही धाकटी. हिच्यात ॲसिड भरलं असतं तर किती गावं ओलांडली असती तिनं?

आता दोन टोकं हाताला लागली. चोर एक नव्हताच, माणसं दोन होती. एकानं थोरलीची प्लेट नीट ड्रिलनं काढली आणि नव्या रिव्हेटांनी धाकटीवर बसवली. तो हात ठिणगीचा, त्याच्या कामाची सही त्या भोकांवरच होती. त्याला कुणाची तरी चूक झाकायची होती. दुसऱ्यानं तीच प्लेट छिन्नीनं उपटली, कारण त्याला धाकटीचं पोट आतून ठाऊक होतं आणि ती रस्त्यावर जाऊ द्यायची नव्हती. धाकटीचं पोट घासून घासून कुणाला पाठ झालं होतं, हे यार्डात सगळ्यांना माहीत होतं. ज्याची चूक झाकली, त्यानंच झाकण उघडलं.

पण मग तो सरळ बोलला का नाही? आणि भल्या पहाटे, टपरीवर माणसं असताना, घंटा बडवल्यासारखी ठणठण करत कुणी चोरी करतं?

*वर मी बसले, दोरीला धरून,*
*जीव हा बांधून, आवाज दे!*

बाई विचारात इतक्या बुडाल्या होत्या की उत्तर द्यायचं राहून गेलं. गुडघ्यांवर सरकत त्या टाकीच्या टोकाकडं चालल्या होत्या आणि दोरी त्यांच्यामागं सरपटत होती. मग एकाएकी त्यांच्या लक्षात आलं, की आपण उत्तर दिलेलं नाही.

आणि गाणं तुटलेलं नाही.

वरून पहिलं कडवं पुन्हा सुरू झालं होतं, संथ, गोड, निर्धास्त. बाई जागच्या जागी थिजल्या. त्यांनी दोरी हातात धरली आणि हलकेच सरकवत ठेवली. मग मान वर करून, छातीत होता नव्हता तेवढा श्वास एकवटून त्या ओरडल्या, "आत्या! मला वर घे! घुसमटतंय!"

लोखंडानं त्यांचाच आवाज त्यांच्या अंगावर फेकला. बाहेर उंट टाकीवर हात आपटत "काय झालं? काय झालं?" म्हणून धावला.

वरून दुसरं कडवं आलं, सुराला तडाही न जाता.

बाईंनी दोरी हातातून सोडून दिली. ती निपचित पडली. त्याच क्षणी गाणं थांबलं, आणि दोरीला असा जबर ओढा बसला की त्या पालथ्या पडता पडता वाचल्या.

७

टाकीपाशी सगळे जमले होते. बाई शिडीवरून उतरल्या, हेल्मेट काढलं. आत्या खाली येऊन त्यांच्या तोंडावरून हात फिरवत होती, "काय गं, चक्कर आली? बोल ना, बोल की माझ्याकडं बघून."

'माझ्याकडं बघून.' बाईंनी मान फिरवली. डोळ्यांतलं पाणी त्यांना तिला दाखवायचं नव्हतं.

"सही मिळणार नाही," त्या मालकांना म्हणाल्या. "ही थोरली नाही. ही धाकटी आहे, आणि आतून चाळण झालीय. तुमची थोरली ताडपत्रीखाली चेपून पडलीय. वाफ निवायच्या आत झाकण लागलं. ते लपवायला ठिणगीनं तिची प्लेट हिच्यावर बसवली, रंग दिला, धाकटी भंगारात गेली असं तुम्हाला सांगितलं."

मालकांनी चष्मा पुसायला घेतला आणि तो हातातच राहिला. उंट मटकन टायरवर बसला. "म्हणजे मी ही चाळण घेऊन..." पुढं त्याला बोलवेना.

ठिणगी खाली मान घालून उभा होता. "मला वाटलं एक-दोन फेऱ्या निघतील, ताई. तेवढ्यात काहीतरी खोट काढून तिला बाजूला करीन म्हटलं. पत्रा इतका गेला असेल असं नाही वाटलं."

"वाटलं नाही! तुझ्या वाटण्यावर मी मेलो असतो की रे!" उंट कडाडला.

"थांबा," मालक म्हणाले. "प्लेट यानं लावली, ठीक. काढली कुणी?"

"मी," आत्या म्हणाली. तिनं ॲप्रनच्या खिशातून प्लेट काढली आणि उंटाच्या मांडीवर ठेवली. "काल संध्याकाळी रंगावरून हात फिरवला. माझ्या हाताला का कळणार नाही, की ही धाकटी आहे? हिला रस्त्यावर कशी जाऊ देऊ?"

"अहो, मग बोलायचं ना, आत्या! एका शब्दाचं काम!" मालकांना हसावं की रडावं कळेना. "आणि ती ठणठण! सगळ्या गल्लीला जाग आणलीत. अशी वाजतगाजत कुणी चोरी करतं का?"

आत्याची नजर त्यांच्या ओठांवर होती. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. "ठणठण?" तिनं विचारलं. "खूप झाली का?"

बाईंना उत्तर ठाऊक होतं, पण ते सांगणं त्यांचं नव्हतं. तपासनीस म्हणून त्यांचं काम टाकीपाशी संपलं होतं. पुढचं दार आतूनच उघडायला हवं होतं.

मालक ठिणगीकडं वळले. "निदान हे तरी सांग. झाकण कुणी लावलं?"

"मी," ठिणगी म्हणाला. त्यानं छाती पुढं काढली, पण आवाज फाटला. "मी लावलं, मालक. घाई केली. आत्या तिथं नव्हतीच. काय ते मला बोला, कामावरून काढा. तिला काही विचारू नका."

बाईंनी पाहिलं, आत्या त्याचे ओठ वाचत होती, एक एक शब्द, डोळे बारीक करून. तिनं पुढं होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला, लहान पोराला गप्प करावं तसा.

"खोटं बोलतोय," ती म्हणाली. "झाकण मी लावलं. हा माझ्या पाठीमागं उभा राहून ओरडत होता, निवू दे, आत्या, निवू दे. हे त्यानं मला नंतर सांगितलं. तेव्हा मला वाटलं, मागं कुणीच नाही."

उंट टायरवरून उठून उभा राहिला. तो कितीदा धुलाईला टाकीच्या तोंडातून आत उतरला होता, वरच्या गाण्याच्या भरवशावर.

आत्यानं मनगटावरचा दोरीचा वेढा सोडला. कातडीवर त्याचा खोल वळ उमटला होता. तो दुसऱ्या हातानं चोळत ती भाचीकडं वळली.

"मला ऐकू येत नाही गं, पोरी. काहीच नाही. माणसं खाली असताना मी दोरीवरून अंदाज बांधत होते, आणि गात होते. यापुढं माझ्या भरवशावर कुणाला आत सोडू नकोस."